टूथपेस्टचं विष आणि हातपंपाचं गोड पाणी

गेल्या आठ दिवसांत एकच फॉरवर्ड मला निदान बारा जणांनी पाठवला. लाल अक्षरं, कवटीचं चित्र, आणि खाली मजकूर असा की, तुमच्या टूथपेस्टमध्ये सोडियम फ्लोराइड आहे, हे झुरळं मारायचं विष आहे, कंपन्या तुमच्या लेकरांना रोज सकाळी विष चारत आहेत, जास्तीत जास्त शेअर करा. पाठवणाऱ्यांत दोन शिक्षक आहेत, एक कृषी केंद्रवाले आहेत आणि एक माजी पंचायत समिती सदस्य. प्रत्येकाच्या खाली एकच ओळ, "भाऊ, यावर बातमी लावा."

मंडळी, बातमी लावता येते. पण पेपरात मला दोनशे शब्द मिळतात आणि हा विषय दोनशे शब्दांत कोंबला तर तोही एक फॉरवर्डच होईल. म्हणून इथे सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट मान्य करू. फॉरवर्डमधलं ते झुरळांचं वाक्य खोटं नाही. सोडियम फ्लोराइडची पावडर एके काळी झुरळं मारायला सर्रास वापरली जायची. पांढरी, बारीक, वास नसलेली. बघायला मीठ, पिठीसाखर किंवा दूध पावडर, काहीही वाटावं अशी. आणि नेमकं हेच दिसणं एकदा फार महागात पडलं.

१८ नोव्हेंबर १९४२. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातलं सेलम शहर, तिथलं सरकारी मनोरुग्णालय. रात्रीच्या जेवणात अंड्याची भुर्जी होती. स्वयंपाकघरातल्या एका मदतनिसाने कामाला ठेवलेल्या एका रुग्णाला तळघरातून दूध पावडर आणायला पाठवलं. तळघरात दोन्ही होतं, दूध पावडर आणि झुरळांची पावडर. आली झुरळांची. ती भुर्जीत गेली. काहींनी तक्रार केली की अंडी खारट लागतात, साबणासारखी लागतात. एका वॉर्डात काम करणाऱ्या बाईने स्वतः चव घेऊन बघितली आणि वाढणं थांबवलं, तो वॉर्ड वाचला. बाकीच्यांना काही मिनिटांतच उलट्या, पोटात कळा, रक्ताच्या गुळण्या सुरू झाल्या. २६३ जणांना बाधा झाली, ४७ जण गेले.

हे एवढ्या झपाट्याने का होतं, तेही सांगतो. पोटात आम्ल असतं. फ्लोराइडचं मीठ आम्लात पडलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, ते पोटाचं अस्तर जाळतं. आणि रक्तात गेलेलं फ्लोराइड रक्तातलं कॅल्शियम पकडून बसतं. कॅल्शियम घटलं की स्नायू आखडतात, हृदयाची लय बिघडते. म्हणूनच अशा विषबाधेत दूध किंवा कॅल्शियम देऊन लगेच दवाखाना गाठायचा असतो. मोठ्या माणसाला पाच ते दहा ग्रॅम, म्हणजे चमचा-दोन चमचे एवढं सोडियम फ्लोराइड जीवघेणं ठरू शकतं. लहान लेकराला त्याहून खूप कमी.

म्हणजे फॉरवर्ड खरा? थांबा. त्या घटनेला सव्वादोन वर्षं होत नाहीत तोवर, २५ जानेवारी १९४५ ला, त्याच अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स नावाच्या शहराने हेच मीठ, हेच सोडियम फ्लोराइड, मुद्दाम आपल्या नळाच्या पाण्यात घालायला सुरुवात केली. लिटरमागे एक मिलिग्रॅम फ्लोराइड, एवढंच. हेतू हा की पोरांचे दात किडू नयेत. आणि वर्षानुवर्षं तपासून पाहिलं तेव्हा किडणं खरंच कमी झालेलं दिसलं. पाण्यात फ्लोराइड घालावं का यावर जगात अजून वाद चालू आहेत, तो वेगळा विषय. पण ४७ माणसं मारणारी पावडर आणि दात वाचवणारी पावडर एकच होती, हे खरं. फरक फक्त वजनाचा होता.

वजनाचा म्हणजे नेमका किती, ते मला एका प्रयोगशाळेत कळलं.

काही वर्षांपूर्वी एका गावाच्या पाण्याची बातमी करत होतो. पाणी तपासायला द्यायचं म्हणून पाणी प्रयोगशाळेला फोन लावला, तर तिथल्या मॅडमनी पहिलीच सूचना दिली, "काचेची बाटली आणू नका. प्लास्टिकचीच आणा, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून." का, तर फ्लोराइड काचेला खातं. साध्या पाण्यातलं एवढंसं फ्लोराइड लगेच बाटलीला भोकं पाडत नाही हो, पण काचेशी त्याची सलगी वाईट आणि आकड्यात गडबड नको. प्रयोगशाळेत फ्लोराइडची द्रावणं प्लास्टिकच्याच बाटल्यांत ठेवतात.

तिथे गेलो तर मॅडमनी कपाटातून एक छोटी प्लास्टिकची बाटली काढून दाखवली. आत पांढरी पावडर. वर विषाचं चिन्ह. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "हीच तुमची मोजपट्टी. सोडियम फ्लोराइड."

मला ते आधी समजलं नाही. मग त्यांनी समजावलं, आणि मला वाटतं प्रत्येक सरपंचाने हे एकदा ऐकावं. पाण्यात फ्लोराइड किती, हे यंत्राला आपोआप कळत नाही. त्याला आधी शिकवावं लागतं की एक म्हणजे एवढं, दोन म्हणजे एवढं. मग ओळखीचं, नेमकं मोजलेलं फ्लोराइड लागतं. ही पावडर आधी ओव्हनमध्ये कोरडी करतात, म्हणजे ओलाव्याचं वजन धरलं जात नाही. मग बरोबर २२१ मिलिग्रॅम तोलतात आणि एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवतात. २२१ च का? सोडियमचा अणुभार २३, फ्लोरिनचा १९, मिळून ४२. म्हणजे २२१ मिलिग्रॅम पावडरीत फ्लोराइड भरतं १००. या पाण्यातलं १० मिलिलिटर घेऊन पुन्हा एक लिटर केलं की झालं लिटरला एक मिलिग्रॅम. शाळेत आपण हे त्रैराशिक रडत शिकलो, इथे ते माणसांच्या हाडांचा हिशोब करतं.

तपासायच्या दोन रीती मी तिथे पाहिल्या. एकीत लाल रंगाचं एक रसायन असतं, त्यात झिर्कोनियम नावाचा धातू रंगाला धरून असतो. फ्लोराइड आलं की ते झिर्कोनियमला ओढून नेतं आणि रंग फिका पडतो. जेवढा रंग फिका तेवढं फ्लोराइड जास्त. दुसरीत पेनासारखी एक कांडी पाण्यात बुडवतात, तिच्या टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक असतो, आणि मीटरवर आकडा येतो. दोन्हीला मोजपट्टी तीच, ती बाटलीतली पावडर.

हात लावू का म्हणालो तर मॅडम हसल्या. हातमोजे घालूनच, आणि तोलल्यावर हात धुऊनच. या बाटलीशेजारी आम्लाची बाटली ठेवायची नाही, हा त्यांचा पक्का नियम. दोन्ही एकत्र सांडलं तर जे हायड्रोफ्लोरिक आम्ल बनतं, ते कातडीवर आधी फारसं दुखत नाही आणि आतून थेट हाडापर्यंत जाळत जातं. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. चमचा वेगळा, खण वेगळा, चिठ्ठी ठळक. सेलमच्या त्या तळघरात एवढंच असतं तरी ४७ माणसं जेवून झोपली असती.

याच मिठाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो तुमच्या-आमच्या घरातला आहे. शुगर तपासायला रक्त देता ना? पुढच्या वेळी नळीच्या टोपणाकडे बघा. शुगरच्या नळीचं टोपण करड्या रंगाचं असतं. आत थोडं सोडियम फ्लोराइड आणि सोबत पोटॅशियम ऑक्झलेट असतं. ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही. फ्लोराइडचं काम वेगळं. नळीत काढलेलं रक्त मेलेलं नसतं, त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळीत, उन्हाळी दिवसात, दर तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होत जाते. फ्लोराइड त्या पेशींचं एक एन्झाइम अडवतं आणि खाणं थांबवतं. तेही लगेच नाही, पूर्ण परिणामाला तास-दोन तास जातात, म्हणून नळी थंड ठेवणं चांगलंच.

हे इथे का लिहितो? कारण आपल्याकडे गल्लोगल्ली मोफत तपासणी शिबिरं होतात. मी स्वतः एका शिबिरात बसून पाहिलं, सकाळी नऊला काढलेलं सगळं रक्त एकाच प्रकारच्या साध्या नळ्यांत भरलं आणि दुपारी दोनच्या एसटीने जिल्ह्याला पाठवलं. कुणाचं शिबिर ते सांगत नाही. पाच तासांत १४० ची शुगर शंभराच्या आसपास येते. माझ्या शेजारी बसलेल्या काकांचा रिपोर्ट नॉर्मल आला, त्यांनी पेढा खाऊन साजरा केला. दोन महिन्यांनी पायाची जखम भरेना तेव्हा दवाखान्यात कळलं. त्यांच्या बाबतीत नळीच कारण होती असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण शिबिरात करडं टोपण मागायला काय पैसे पडतात?

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

आमचा तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा, पैनगंगेच्या बाजूचा. महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या पाषाणावर बसलाय, पण पूर्वेकडे सरकलं की जमिनीखालचा खडक बदलतो. कुठे चुनखडक, कुठे ग्रॅनाइट, फार जुने खडक. यातल्या काही खडकांत फ्लोराइडची खनिजं असतात आणि पाणी वर्षानुवर्षं त्यांत मुरत राहिलं की ती हळूहळू विरघळतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडचा किनवटचा भाग, ही नावं फ्लोराइडच्या यादीत उगाच येत नाहीत. देशात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात. म्हणजे नव्वद वर्षं होत आली.

गंमत बघा (गंमत कसली, पण शब्द सापडत नाही). पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला फार विरघळू देत नाही. म्हणजे जड पाणी, ज्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो, त्यात बहुतेकदा फ्लोराइड आटोक्यात असतं. आणि ज्या बोअरचं पाणी मऊ, खारवट नाही, ज्यात डाळ पटकन शिजते, त्यात ते चढू शकतं. मी गावोगाव बायकांना विचारत गेलो, कोणत्या हातपंपाचं पाणी गोड? त्या बोट दाखवायच्या, "ते पोडाजवळचं जी, त्याचं पाणी लय गोड, वरण लवकर शिजते." आणि प्रयोगशाळेतून आकडा आला की तोच हातपंप सगळ्यात वर. जिभेला फ्लोराइड कळत नाही. वास नाही, रंग नाही, गढूळपणा नाही. जुन्या विहिरीच्या जड पाण्याला नाकं मुरडून आपण गोड पाण्याकडे गेलो.

हातपंपाला शिव्या घालायचा माझा इरादा नाही. १९७२ च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हा खडक फोडणाऱ्या बोअरच्या मशिनींनीच माणसं जगवली. आज देशभर दिसणारा तो इंडिया मार्क टू हातपंप ज्या रचनेवरून आला, ती सोलापूरची, आणि त्याआधीचा एक धडा जालन्याचा. म्हणजे त्याचं माहेरच महाराष्ट्र. बोअरने हगवण, नारू, कॉलरा यांतून कितीतरी गावं सोडवली. फक्त खोल गेलो तेव्हा खाली कोणता खडक आहे, त्याच्या पाण्यात काय आहे, हे प्रत्येक ठिकाणी कुणी पाहिलं नाही.

पोडावरची शाळा. तिथे दातांची तपासणी होती. तपासायला आलेल्या बाईंनी पहिल्याच पोराला झापलं, "दात घासत नाहीस का रे? खर्रा खातोस?" पोरगं चौथीतलं. म्हणालं, "नाही जी मॅडम, रोज घासतो." दुसरं आलं, तसंच. तिसरं, तसंच. पांढऱ्या खडूसारखे पट्टे, मधे तपकिरी रेघा, डावी-उजवीकडे अगदी सारख्या. काही दातांना बारीक खड्डे. मुख्य गावातल्या, विहिरीवर पाणी भरणाऱ्या घरांतली पोरं मागे उभी, त्यांचे दात स्वच्छ. मास्तरांनाही वाटायचं की पोडावरची पोरं अस्वच्छ आहेत. वर्षानुवर्षं ती पोरं या एका गोष्टीसाठी बोलणी खात होती.

हा डाग घासून जात नाही, कारण तो दातावर नाही, दातात आहे. कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हा, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर दाताचं कवच घडतानाच बिघडतं. खर्ऱ्याचा डाग वरून बसतो, वेडावाकडा असतो, दंतवैद्य तो खरवडून काढू शकतो. हा आडव्या पट्ट्यांत येतो आणि जोडीने येतो. फरक ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. तिथली एक मुलगी बोलताना सारखा पदर तोंडावर घ्यायची. तिची आई म्हणाली, दोनदा पाहुणे येऊन गेले. पुढचं तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दात ही सुरुवात. वीस-तीस वर्षं तेच पाणी पिणाऱ्यांची हाडं आणि सांधे धरतात. पाठ ताठ होते, मान वळत नाही, उकिडवं बसता येत नाही. केंद्र सरकारचा फ्लोरोसिस नियंत्रणाचा कार्यक्रम २००८-०९ पासून आहे, त्यात तीन साध्या चाचण्या सांगितल्या जातात. उभं राहून, गुडघे न वाकवता पायाच्या अंगठ्याला हात लावा. हनुवटी छातीला टेकवा. दोन्ही हात डोक्यामागे न्या. आज संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्यांना करायला लावा. जमलं नाही म्हणजे फ्लोरोसिसच असं नाही, वात असतो, वय असतं. पण एकाच हातपंपावरच्या पाच घरांत पाच जणांना जमत नसेल तर पाणी तपासा. यावर औषध नाही. झालेलं परत फिरत नाही. पुढचं थांबवता येतं, तेही पाणी बदलून.

आता त्या फॉरवर्डचा हिशोब करू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५. पोडाच्या हातपंपाचा रिपोर्ट आला तो तीनच्या आसपास. मे महिन्यात, ४५ अंशांत, रोजमजुरीला जाणारा माणूस दिवसाला पाच लिटर पाणी सहज पितो. म्हणजे १५ मिलिग्रॅम फ्लोराइड, रोज, नुसत्या पिण्यातून. वरणातलं, चहातलं वेगळं. आणि टूथपेस्ट? आपल्याकडे कायद्याने टूथपेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १००० पीपीएम, म्हणजे ग्रॅमला एक मिलिग्रॅम. ब्रशवर एक ग्रॅम पेस्ट घेतली आणि सगळी गिळली तरी एक मिलिग्रॅम, आणि आपण ती थुंकतो. त्या मजुराएवढं फ्लोराइड पोटात घालायचं तर रोज १५ ग्रॅम पेस्ट खावी लागेल. शंभर ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात फस्त.

तरी भीती टूथपेस्टची. हातपंपाचा फॉरवर्ड मला आजवर एकानेही पाठवलेला नाही.

टूथपेस्टबद्दल जे खरं सांभाळायचं ते असं. सहा वर्षांखालच्या लेकराला वाटाण्याएवढीच द्या, अगदी लहानग्याला तांदळाच्या दाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवा. गोड चवीची ट्यूब खेळायला देऊ नका. ज्या गावाच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे लहान मुलांसाठी बिनफ्लोराइडची पेस्ट घ्यावी का, हे दंतवैद्याला विचारा. आणि सगळ्या पेस्टमध्ये सोडियम फ्लोराइड असतंच असंही नाही. खडूच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या पेस्टमध्ये ते कॅल्शियमशी बांधलं जातं आणि वाया जातं, म्हणून तिथे सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट घालतात. ट्यूबवर लिहिलेलं असतं. वाचा.

पण हातपंपावर काय लिहिलेलं असतं? पोडावरच्या या हातपंपाचा पहिला रिपोर्ट मी तपासायच्या तीन वर्षं आधीच आलेला होता, "पिण्यास अयोग्य" असा शेरा मारून. तो एका कार्यालयाच्या फाइलीत होता. ग्रामपंचायतीला पत्र गेल्याचं कार्यालय म्हणतं, पत्र मिळालं नाही असं ग्रामपंचायत म्हणते. मधल्या काळात कुणीतरी येऊन हातपंपावर लाल फुली मारून गेलं, ती दोन पावसाळ्यांत धुतली गेली. दांडा काढला नाही. दांडा काढला तर लोक ओरडतील, ओरडले तर टँकर द्यावा लागेल. माझ्यासमोर एक अधिकारी हे इतक्या सहज बोलून गेले की मी वहीत लिहायचं थांबलो.

आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिरवं कार्ड! हे समजून घ्या, कारण इथे चांगली माणसंही फसतात. आपल्याकडे स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात. त्यात पाण्याभोवती घाण आहे का, गळती आहे का, टीसीएल पावडर साठ्यात आहे का, साथ आली होती का, हे पाहतात. चांगलीच पद्धत आहे, काढू नका. पण ती जंतूंसाठी आहे. हिरवं कार्ड म्हणजे फ्लोराइड नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. टीसीएलने फ्लोराइडला काही होत नाही.

उकळूनही जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. कँडलच्या फिल्टरने जात नाही, कापडाने गाळून जात नाही. तुरटी फिरवून जातं असं काहीजण म्हणतात, त्यात थोडं तथ्य आहे पण घरच्या तुरटीच्या खड्याने होत नाही. नागपूरच्या नीरीने, आपल्या विदर्भातल्याच संस्थेने, नळगोंडा पद्धत म्हणून एक पद्धत विकसित केली. त्यात तुरटी बरीच जास्त लागते, सोबत चुना, मग ढवळणं, निवळू देणं, आणि मात्रा पाणी तपासून ठरवावी लागते. अंदाजे केलं तर फ्लोराइडही उरतं आणि अॅल्युमिनियमही. दुसरा उपाय हातपंपाला जोडायच्या अॅल्युमिनाच्या टाकीचा. चांगला चालतो, पण काही महिन्यांनी भरतो, मग कॉस्टिक सोडा आणि आम्लाने धुऊन पुन्हा ताजा करावा लागतो. आमच्या भागात अशी एक टाकी मी पाहिली. उद्घाटनाचा फलक शाबूत, टाकीला शेळी बांधलेली. धुवायचं काम कुणाचं, हे शेवटपर्यंत ठरलंच नाही. आरओने फ्लोराइड जातं, पण बरंच पाणी वाया जातं आणि वीज लागते. थंड पाण्याचे जार विकत घेता, त्यांनाही विचारा आरओचं आहे की नुसतं थंड केलेलं बोअरचं.

सगळ्यात स्वस्त उपाय मला तरी दुसरा स्रोत हाच वाटतो. पोडापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर ती जुनी विहीर आहे, जड पाण्याची. तिचा रिपोर्ट एकच्या आत आला. गाळ काढून, कठडा बांधून, तिथून पाइप टाकला तर पिण्यापुरतं पाणी मिळतं. हातपंप ठेवा की! धुण्या-भांड्याला, गुरांना सोडून इतर वापराला. फक्त पिणं आणि स्वयंपाक विहिरीवर. सोबत पोरांच्या ताटात दूध, पालेभाजी, आवळा, लिंबू आलं तर शरीर फ्लोराइडला थोडं तरी तोंड देतं. मजुराच्या घरात दूध आणायचं कुठून हा प्रश्न आहेच, म्हणून शाळेच्या आहाराकडे बघायला हवं.

तुम्ही काय करू शकता ते सांगतो. जलजीवन मिशनमध्ये गावागावात पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण दिलेलं आहे, किट दिलेली आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, विचारा. किट कपाटात असेल, मुदत गेलेली असेल, तेही विचारा. किटवर संशय आला तर एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या, हातपंप आधी चार-पाच मिनिटं हापसा, बाटली त्याच पाण्याने विसळा, भरा, वर गाव, जागा आणि तारीख लिहा आणि पाणी प्रयोगशाळेत द्या. रासायनिक तपासणी प्रत्येक स्रोताची वर्षातून एकदा व्हायला हवीच. रिपोर्ट आला की "योग्य" किंवा "अयोग्य" या शब्दावर थांबू नका, फ्लोराइडसमोरचा आकडा वाचा. १.१ आणि ४ दोन्हींना एकच शेरा मिळू शकतो, पण घाई कुठे करायची ते आकडाच सांगतो.

तालुक्यातल्या सगळ्या सार्वजनिक हातपंपांचे आणि बोअरचे गेल्या पाच वर्षांचे फ्लोराइडचे आकडे मी माहितीच्या अधिकारात मागितले आहेत. अर्ज सोमवारी दिला, पोच घेतली. ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की गाववार, हातपंपवार, जसे आहेत तसे आकडे इथेच टाकतो. आले नाहीत तर अपिलाची तारीख टाकतो.

तोवर ज्यांच्याकडे आपल्या गावाचा रिपोर्ट आहे त्यांनी फोटो मला पाठवा. नाव गुप्त राहील. आणि पोडाजवळच्या त्या विहिरीच्या गाळाचं काम ग्रामसभेत विषय क्रमांक सहा आहे, येत्या शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता. सहावा विषय येईपर्यंत लोक उठून जातात, एवढं लक्षात ठेवून या.